दिवसाला तीन पुस्तकं: फॉक्सवेलच्या संग्रहाचं प्रकरण

१९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला एक शिफारसपत्र गेलं. लिहिणारे कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन. ज्यांना लिहिलं ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणारे हर्बर्ट सोमर्टन फॉक्सवेल. आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं ते पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. नोव्हेंबरात फॉक्सवेलनी संस्थेच्या सचिवबाईंना कळवलं की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळवली आहे, हे माझ्या ध्यानातून गेलं होतं. ते इथं फक्त संशोधनाला आलेत. त्यांना आपल्या संस्थेचं म्हणवता येणार नाही याचं वाईट वाटतं, पण त्यांनी जिंकावं असं इथं आता काही उरलेलं नाही.

आपल्याकडे हा प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्राच्या अंगानं सांगितला जातो, आणि ते बरोबरच आहे. पण जुन्या पुस्तकांच्या नादी लागलेल्या माणसाचं लक्ष भलतीकडेच जातं. पत्र धाडणारा आणि पत्र घेणारा हे दोघंही अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांचे अट्टल संग्राहक होते. सेलिग्मन यांचं ग्रंथालय १९२९ साली कोलंबिया विद्यापीठानं विकत घेतलं. फॉक्सवेल यांनी तर एक अख्खा संग्रह उभा केला, विकला, आणि दुसऱ्याच्या तयारीला लागले.

हे टिपण फॉक्सवेलचं आहे. पहिल्या आवृत्त्यांचे भाव आणि गुंतवणूक म्हणून त्यांचं मोल, यावर बरंच लिहिलं जातं. त्यात मला फारसा रस नाही. एका मध्यम मिळकतीच्या प्राध्यापकानं काय घेतलं, काय म्हणून घेतलं, आणि गळ्याशी आल्यावर ते कसं सोडलं, एवढंच इथं तपासायचं आहे.

लार्डनरचं पुस्तक

फॉक्सवेल १८४९ साली इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात शेप्टन मॅलेट या गावी जन्मले. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात फेलो झाले, आणि १८८१ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ती खुर्ची त्यांच्या आधी विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांची होती. जेव्हन्स त्यांचे मित्र आणि या व्यसनाचे गुरूही. १८७५ साली लंडनमध्ये रस्त्यावरच्या एका पुस्तकांच्या ठेल्यापाशी जेव्हन्स थांबले, डायोनिशियस लार्डनर यांचं ‘रेल्वे इकॉनॉमी’ उचललं आणि हे घे म्हणाले. काही पेन्सांचा सौदा. संग्रहातलं ते पहिलं पुस्तक.

ही निवड साधी नव्हती. लार्डनरचं पुस्तक १८५० सालचं, म्हणजे त्या वेळी पंचवीस वर्षांचं जुनं. ठेल्यावर रद्दीच्या भावात पडलेलं. रेल्वेचं भाडं किती ठेवलं तर नफा सर्वांत जास्त होईल, याचा आलेख लार्डनरनी त्यात काढला होता, आणि अर्थशास्त्र गणितानं मांडता येतं ही कल्पना जेव्हन्सच्या डोक्यात रुजायला हे पुस्तकही कारण झालं होतं. म्हणजे गुरूनं शिष्याच्या हाती पहिलं दिलं ते कोणाचं अभिजात पुस्तक नव्हे. नाव फारसं न झालेलं, पण ज्यातून नाव झालेलं पुस्तक निघालं असं ते पुस्तक होतं. पुढची साठ वर्षं फॉक्सवेल याच वाटेनं चालले.

जेव्हन्सही या कामात मुरलेले होते. रिचर्ड कँटिलॉन हे नाव सगळे विसरले होते. जेव्हन्सनी १८८१ साली लेख लिहून त्याला परत उजेडात आणलं. कँटिलॉनचं पुस्तक १७५५ सालचं, फ्रेंचमध्ये. मुखपृष्ठावर लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याचं नाव, पण छपाई बहुधा पॅरिसची. सरकारी परवान्याच्या कटकटी टाळायला तेव्हा फ्रान्समध्ये असे खोटे पत्ते सर्रास छापत. मुखपृष्ठावर जे छापलंय ते खरंच असतं असं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. दुसऱ्याच वर्षी जेव्हन्स पोहताना बुडून गेले, वयाच्या ४६व्या वर्षी. त्यांचे नाणं आणि चलनावरचे लेख १८८४ साली फॉक्सवेल यांनी संपादून छापले.

काय घ्यायचं

आपण ‘दुर्मिळ पहिली आवृत्ती’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दहा-बारा नावं येतात. ॲडम स्मिथचं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’, ९ मार्च १७७६, लंडनच्या स्ट्रॅहन आणि कॅडेल यांनी काढलेलं, मोठ्या चौकोनी आकाराचे दोन खंड, किंमत १ पौंड १६ शिलिंग. माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध, १७९८, लेखकाच्या नावाविना. रिकार्डोचं ‘प्रिन्सिपल्स’, १८१७, जॉन मरे यांच्याकडून, ७५० प्रती. मार्क्सचं ‘दास कापिटाल’, पहिला खंड, हॅम्बुर्ग, १८६७, १००० प्रती. ज्याच्या खिशात दम आहे त्यानं लिलावात बसावं आणि ही यादी पुरी करावी. कपाट देखणं दिसेल. पण त्या कपाटापुढे बसून कुणाला काही नवं कळेल का, याबद्दल मला शंका आहे. ही पुस्तकं पुन्हापुन्हा छापली गेली आहेत, चांगल्या संपादित आवृत्त्या निघाल्या आहेत.

फॉक्सवेल यांनी ही मोठी पुस्तकं घेतलीच. पण त्यांचा खरा जीव होता पुस्तिकांवर. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये आर्थिक वाद वर्तमानपत्रांत आणि पुस्तिकांत चालत. पुस्तिका म्हणजे तीस, पन्नास, फार तर शंभर पानं. दोऱ्यानं शिवलेली, पुठ्ठा नाही, किंमत एक-दोन शिलिंग. वाद मिटला की ती चुलीत किंवा वाण्याकडे.

१८१५ सालचा फेब्रुवारी महिना घ्या. धान्याच्या आयातीवर निर्बंध घालणारा कायदा पार्लमेंटपुढे येऊ घातला होता. त्या एका महिन्यात, जेमतेम तीन आठवड्यांत, जमिनीच्या खंडावर, म्हणजे कुळानं जमीनमालकाला द्यायच्या भाड्यावर, चार जणांच्या चार पुस्तिका निघाल्या. माल्थस, एडवर्ड वेस्ट, रिकार्डो, टॉरेन्स. वेस्टनी स्वतःचं नावही घातलं नाही. ऑक्सफर्डच्या एका कॉलेजचा फेलो एवढीच ओळख छापली. रिकार्डोची पुस्तिका माल्थसला उत्तर म्हणून घाईघाईनं लिहिलेली. खंडाचा जो सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत रिकार्डोच्या नावावर शिकवतात, तो त्या महिन्यात चार टेबलांवर एकाच वेळी शिजत होता. नुसता १८१७ सालचा रिकार्डो बाळगणाऱ्याला हे दिसणार नाही. चारही पुस्तिका शेजारीशेजारी ठेवल्या की मात्र तारखाच बोलायला लागतात.

याचं फळ फॉक्सवेल यांना हयातीतच मिळालं. व्हिएन्नाचे कायदेपंडित आन्टोन मेंगर यांचं श्रमिकाच्या पूर्ण मोबदल्याच्या हक्कावरचं पुस्तक १८९९ साली इंग्रजीत आलं. त्याला फॉक्सवेल यांनी लांबलचक प्रस्तावना जोडली आणि शेवटी इंग्रज समाजवाद्यांच्या लेखनाची सूची दिली. विल्यम थॉम्पसन, जॉन ग्रे, थॉमस हॉजस्किन, जॉन फ्रान्सिस ब्रे. हॉजस्किनची १८२५ सालची पुस्तिका ‘एक मजूर’ या सहीनं निघालेली. ब्रेचं पुस्तक १८३९ साली लीड्समधून. मार्क्सनी ही माणसं वाचली होती, पण इंग्लंडच्या विद्यापीठांत त्यांची नावं कुणाच्या कानावर नव्हती. फॉक्सवेल यांचं म्हणणं असं की इंग्रजी समाजवादाला खरी धार दिली ती रॉबर्ट ओवेन या समाजसुधारकानं नव्हे, रिकार्डोनं. गंमत अशी की फॉक्सवेल यांना रिकार्डो आवडत नसे, समाजवादही मानवत नसे. तरी दोन्हींचा कागदन् कागद त्यांनी पैसे मोजून जमवला. संग्राहकानं असंच असावं, असं मला वाटतं. आवडीची तेवढीच पुस्तकं घेणाऱ्याचं फार तर स्वतःचं चांगलं कपाट होतं.

हेच चांदीबाबत. फॉक्सवेल सोनं आणि चांदी दोन्हींवर चलन चालावं या मताचे होते. भारतातल्या टांकसाळी २६ जून १८९३ रोजी चांदीच्या खुल्या नाणेपाडीला, म्हणजे कुणीही चांदी आणून रुपये पाडून न्यायच्या सोयीला, बंद झाल्या, तेव्हा हा वाद ऐन भरात होता. रुपयाचं पुढे काय झालं हे ज्या पुस्तकात मांडलंय, त्याच्याकडे शेवटी येतो.

आता आवृत्तीबद्दल, कारण ‘पहिली ती खरी’ हा समज फार पक्का बसलाय. स्मिथच्या हयातीत ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या पाच आवृत्त्या झाल्या: १७७६, १७७८, १७८४, १७८६, १७८९. यातली तिसरी सर्वांत बदललेली. आकार लहान झाला, खंड तीन झाले, विषयसूची आली, व्यापारवादी धोरणाचा समारोप करणारं नवं प्रकरण आलं, आणि सनदी व्यापारी कंपन्यांवरचा भाग चांगलाच वाढला. त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा जमाखर्च आहे. ज्यांनी आधीचे महाग खंड घेतले होते त्यांच्यासाठी ही भर वेगळी छापून दिली गेली. म्हणजे आपल्याकडच्या वाचकाला, ज्याच्या पणजोबांनी कंपनीला सारा भरला, त्याला १७७६ पेक्षा १७८४ महत्त्वाची. बाजारात मात्र पहिलीच्या मानानं तिसरीचा भाव किरकोळ. माल्थसचंही तसंच. १७९८ ची पहिली आवृत्ती म्हणजे एक निनावी, बारीकशी चढाई, आणि १८०३ ची दुसरी, नावानिशी, आकारानं कितीतरी मोठी, जवळजवळ नवंच पुस्तक. रिकार्डोनं यंत्रांमुळे मजुराचं नुकसान होऊ शकतं हे कबूल करणारं प्रकरण घातलं ते १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत. पहिली हातात घेऊन बसलेल्याला तो कबुलीजबाब सापडणारच नाही.

१९०१

१८७५ ते १९०१, सव्वीस वर्षं. सुमारे ३०,००० पुस्तकं आणि पुस्तिका. भागाकार केला तर दिवसाला तीन पडतात, रविवार-नाताळ धरून. एवढी पुस्तकं वाचून होत नाहीत. पण चाळून, पाहून, आत पेन्सिलीनं चार ओळी टिपून ठेवता येतात, आणि ते ते करत. केंब्रिजमध्ये हार्वी रोडवर १ क्रमांकाच्या घरात हे सगळं. त्याच रस्त्यावर ६ क्रमांकाच्या घरात केन्स कुटुंब राहायचं. तिथला मेनार्ड नावाचा पोरगा पुढे नामवंत अर्थशास्त्रज्ञ आणि स्वतःही संग्राहक झाला, आणि १९३६ साली फॉक्सवेल गेले तेव्हा त्यांच्यावरचा मोठा मृत्युलेख त्यानंच लिहिला.

पगार प्राध्यापकाचा, खर्च सरदाराचा. १८९८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, फॉक्सवेल यांचं लग्न झालं. संसार आणि ग्रंथसंग्रह एका मिळकतीत बसेनात. संग्रह विकायचा ठरलं.

अशा वेळी समोर वाटा असतात त्या आजही त्याच आहेत. एक, लिलावगृहाकडे द्यायचा, पुस्तकागणिक बोली. मोठ्या पुस्तकांना चांगले पैसे येतात, उरलेल्या पुस्तिका गठ्ठ्यांनी जातात आणि मग कुठेच सापडत नाहीत. दोन, घरात ठेवायचा आणि वारसांवर सोडायचा. याचं उदाहरण तेव्हा ताजं होतं. खुद्द ॲडम स्मिथची पुस्तकं, अंदाजे ३,००० खंड, १७९० नंतर आईकडच्या नात्यातल्या डेव्हिड डग्लसकडे गेली, आणि त्याच्यामागे दोन मुलींत वाटली गेली. घरातल्या पितळी भांड्यांची व्हावी तशी वाटणी. एक भाग पुढे एडिंबरोत, काही पुस्तकं बेलफास्टला, काही फुटकळ विकली गेली. जेम्स बोनार यांनी माग काढत १८९४ साली सूची छापली, ती अपुरीच. १९२० साली त्यांतली काही पुस्तकं इनाझो नितोबे यांनी लंडनमध्ये घेऊन टोकियोच्या विद्यापीठाला दिली; १९२३ च्या भूकंपानंतर तिथलं ग्रंथालय जळालं, त्यातून ती वाचली. स्मिथनं काय वाचलं हे शोधणाऱ्याला तीन देश फिरावे लागतात.

तिसरी वाट, सगळा संग्रह एकगठ्ठा एकाच गिऱ्हाइकाला. यात पैसे कमी येतात आणि गिऱ्हाईक मिळता मिळत नाही. फॉक्सवेल यांना मिळालं. लंडनच्या सोनारांची जुनी संघटना, गोल्डस्मिथ्स कंपनी, जिची राजसनद १३२७ ची आहे आणि जी अजूनही चांदी-सोन्यावर कसाचा छाप मारते. संग्रह फुटू नये म्हणून तिनं तो १९०१ साली १०,००० पौंडांना घेतला आणि १९०३ साली लंडन विद्यापीठाला देऊन टाकला. सोनारांनी अर्थशास्त्राची पुस्तकं घ्यावीत यात विसंगती काही नाही. सतराव्या शतकात लंडनचे व्यापारी सोनं सोनारांकडे ठेवायचे, सोनार पावती द्यायचे, आणि त्या पावत्याच हातोहात चालायला लागल्या. इंग्रजी बँकिंगचं मूळ त्या पावत्यांत आहे, आणि त्याबद्दलच्या पुस्तिका याच संग्रहात.

हिशेब करू. १०,००० पौंड भागिले ३०,००० म्हणजे पुस्तकामागे ६ शिलिंग ८ पेन्स. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६ साली नवंकोरं घ्यायला याच्या पाचपटीहून जास्त लागले असते. केवळ व्यवहार म्हणून पाहिलं तर फॉक्सवेल यांनी हा सौदा स्वस्तात केला, असं कुणीही म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. ६ शिलिंग ८ पेन्स ही सरासरी आहे, आणि तिच्यात ज्या हजारो पुस्तिकांना सुट्ट्या बाजारात कुणी सहा पेन्सही दिले नसते, त्याही मोजल्या गेल्या. लिलावात मोठ्या पुस्तकांनी पैसे आणले असते आणि पुस्तिकांनी जागा अडवली म्हणून हमाली लागली असती. एकगठ्ठा विक्रीत मोठी पुस्तकं लहानांना पाठीवर घेऊन गेली. संग्रह जपायचा असेल तर हा एकच हिशेब जमतो.

चूक कुठं झाली ते मला सूचीत दिसतं. तीस हजार नगांची छापील सूची विक्रीच्या वेळी नव्हती. लंडन विद्यापीठानं गोल्डस्मिथ्स ग्रंथालयाच्या सूचीचा पहिला खंड छापला तो १९७० साली. देणगी १९०३ ची. मधली सदुसष्ट वर्षं बाहेरच्या अभ्यासकाला आत काय आहे हे घरबसल्या कळायची सोय नव्हती. ज्याच्या डोक्यात सगळा संग्रह असतो, त्याला सूचीची निकड वाटत नाही. हा दोष मी दादरपासून सदाशिव पेठेपर्यंत बऱ्याच घरांत पाहिलाय. माणूस जातो, आणि मग मुलं रद्दीवाल्याला बोलावतात, कारण कुठला गठ्ठा कशाचा हे सांगणारा एक कागदही मागे नसतो.

पुन्हा तेच

घर मोकळं झालं, उधारी फिटली. शहाण्या माणसानं इथं थांबावं. फॉक्सवेल थांबले नाहीत. जवळ उरलेल्या जोड प्रती, बाजारात नवं दिसेल ते, असं करत दुसरा संग्रह वाढू लागला. १९०८ साली केंब्रिजची अर्थशास्त्राची मोठी खुर्ची आल्फ्रेड मार्शल यांच्या निवृत्तीनं रिकामी झाली. फॉक्सवेल यांना ती मिळेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं, त्यांना स्वतःलाही. मार्शलनी वजन टाकलं ते आपले शिष्य आर्थर पिगू यांच्या बाजूनं. पिगू तेव्हा तिशीत, फॉक्सवेल साठीच्या जवळ. हे त्यांना फार लागलं.

खुर्ची का गेली याची चर्चा पुष्कळ झालीय. एक गोष्ट तर उघडच आहे: अर्थशास्त्राची इतकी पुस्तकं जमवणाऱ्या माणसाच्या नावावर स्वतःचा म्हणावा असा एकही मोठा ग्रंथ नाही. प्रस्तावना आहेत, सूची आहे, लेख आहेत, संपादन आहे. अजून एक पुस्तिका मिळायची राहिलीय, ती आली की लिहायला बसू, हे ज्यानं कधी स्वतःला सांगितलं नाही त्यानं फॉक्सवेल यांना हसावं.

दुसऱ्या संग्रहाबद्दल १९२९ साली हार्वर्डशी बोलणं पक्कं झालं आणि मृत्यूनंतर तो अटलांटिकपार गेला. सुमारे २०,००० नग. तिथल्या बिझनेस स्कूलच्या बेकर ग्रंथालयात क्लॉड वॉशिंग्टन क्रेस यांच्या पैशानं त्याला १९३८ साली दालन मिळालं, म्हणून तो क्रेस संग्रह. क्रेस घराण्याचा पैसा पाच-दहा सेंटच्या किरकोळ दुकानांतला. पेन्सांवर सुरू झालेलं प्रकरण सेंटांवर येऊन टेकलं. हार्वर्डनं मात्र सूचीला हात लगेच घातला. १७७६ पर्यंतच्या पुस्तकांचा पहिला खंड १९४० साली छापून मोकळे.

१९७० च्या दशकात दोन्ही संग्रह मिळून मायक्रोफिल्म निघाली, मर्यादा १८५० पर्यंत. लार्डनर बरोबर काठावर. पुढे तीच सामग्री संगणकावर आली, साठ हजारांवर शीर्षकं. फॉक्सवेल यांच्या दोन आयुष्यांची पुस्तकं अशी एका पडद्यावर भेटली. दोन्हीकडे असलेल्या पुस्तकाची मात्र एकच प्रत चित्रित झाली. दुसऱ्या प्रतीच्या कोऱ्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं काय टिपलंय हे पाहायचं तर अजूनही लंडन नाही तर बॉस्टन गाठावं लागतं. म्हणून ‘सगळं ऑनलाइन आहे की’ असं कुणी म्हणालं की मी गप्प बसतो.

आपलं कपाट

मराठी माणसाला हा नाद परवडेल का? १७७६ चा स्मिथ नाही परवडणार. पण फॉक्सवेल यांनी लार्डनर उचलला तो त्याला गिऱ्हाईक नसताना, आणि गिऱ्हाईक नसलेली पुस्तकं आपल्याकडे भरपूर. लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’, १८४९. कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’, १८५५. मागणी-पुरवठा, भांडवल, मजुरी यांना मराठीत काय म्हणायचं हे ज्या काळी ठरत होतं त्या काळची ही पुस्तकं. त्यांची मूळ छपाई हाती लागली तर पानं जपून उलटावीत, कोपरे बिस्किटासारखे मोडतात.

दादाभाई नौरोजींचं ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ लंडनला १९०१ साली, स्वान सोननशाइन यांनी काढलं. नेमकं त्याच साली फॉक्सवेल यांची पुस्तकं सोनारांकडे गेली. ते जाड पुस्तक सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच्या पोटात आहेत ती १८७६ साली मुंबईत वाचलेली टिपणं, भाषणं, सरकारशी झालेला पत्रव्यवहार. ते सुटे छापील कागद ज्याला मिळतील त्यानं ग्रंथाआधी ते घ्यावेत.

आणि मग ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. १९२३, लंडन, पी. एस. किंग अँड सन. प्रस्तावना एडविन कॅनन यांची, आणि या प्रस्तावनाकाराचं नाव संग्राहकानं लक्षात ठेवावं, कारण ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या पाचही आवृत्त्या ओळीनं ताडून १९०४ साली त्याची प्रमाण संहिता तयार करणारे तेच हे कॅनन. बाबासाहेबांच्या निष्कर्षांशी ते सगळीकडे सहमत नव्हते, आणि प्रस्तावनेत तसं म्हणतातही. पुस्तकाची भारतीय आवृत्ती १९४७ साली मुंबईत थॅकर कंपनीनं काढली ती नाव बदलून, ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’. जुन्या नावानं शोधणारे विक्रेत्याच्या यादीत ती हमखास ओलांडून जातात.

त्याच प्रकाशकाचं १९२५ चं ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’, प्रस्तावना सेलिग्मन यांची. हा कोलंबियाचा प्रबंध. कोलंबियाचा नियम असा की छापील प्रती जमा झाल्याशिवाय पदवी नाही. म्हणून फॉक्सवेल यांनी १९१६ साली ‘डॉक्टरेट मिळवली आहे’ असं लिहिलं तरी कागदोपत्री ती पदवी १९२७ साली मिळाली. पुस्तकाच्या छपाईवर पदवी अडून राहिल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही, आणि त्या १९२५ च्या प्रतीकडे बघताना मला ते विसरता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेब जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा घेऊन खरेदी करत. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधलं तेही पुस्तकं डोळ्यांपुढे ठेवून. पण १९१७ साली लंडनहून परतताना ते एका बोटीनं आले आणि सामान दुसऱ्या बोटीनं निघालं. ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. पुस्तकं गेली, प्रबंधाचं हस्तलिखितही गेलं. फेब्रुवारी १९२२ मध्ये त्यांनी सेलिग्मन यांना पत्रातून कळवलं की मूळ हस्तलिखित बोटीबरोबर बुडालं, म्हणून नवा प्रबंध लिहून काढलाय. सामानाची भरपाई टॉमस कुक कंपनीकडून मिळाली, ६०० रुपये.